जाळलेला दोर

लातूरच्या ट्यूशन एरियात पहाटे सगळ्यांत आधी जाग्या होतात त्या शेगड्या. पोरं अजून पुस्तकावर मान टाकून झोपलेली असतात, रस्ता झाडणारी यायची असते, आणि इमारतीइमारतीतून कुणाची तरी आई परात पुढ्यात ओढून बसलेली असते. गाव, नवरा, शेत मागं टाकून लेकराच्या डब्यासाठी आलेल्या या बाया. ज्या इमारतीची ही गोष्ट, तिच्या दुसऱ्या मजल्यावर अशा पाच आया राहत होत्या. सहाव्या खोलीत परातीपुढं बसायचे ते व्यंकटराव. वय सत्त्याहत्तर, एसटीचे निवृत्त कंडक्टर, अंगात बंडी, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, आणि खाली बसलं की गुडघे उठू देत नाहीत म्हणून परात स्टुलावर.

सुरुवातीला बायकांना अवघडल्यासारखं झालं. व्हरांड्यात भांडी घासायला बसावं तर शेजारी एक म्हातारा पुरुष तवा खरवडतोय. पण व्यंकटरावांनी जन्मभर गर्दीत उभं राहून नोकरी केलेली. कुणाचं लक्ष नसताना वाट काढून पुढं सरकायची कला त्यांना येत होती. दोन महिन्यांत ते सगळ्यांचे कंडक्टर आबा झाले. शेजारच्या खोलीतली जगदेवी निलंग्याकडची, जिभेनं तिखट. ती म्हणायची, आबांच्या भाकरी तिकिटासारख्या निघतात, एकीसारखी एक, आणि भाजल्यावर आबा त्यांना पंचसुद्धा करतील. व्यंकटराव हसायचे. हसायला फार ताकद लागत नाही, हे त्यांनी म्हातारपणी ओळखलं होतं.

ते आले होते नातीसाठी. नात लुंबिनी, संघपालची थोरली. मुलगा संघपाल हदगावला वायरमन, सून बुद्धप्रिया तिथल्याच एका आरोग्य केंद्रात नर्स. दोघांच्याही नोकऱ्या अशा की एक दिवस सोडला तर कुणाच्या घरात अंधार व्हायचा नाहीतर कुणाचं बाळंतपण अडायचं. नांदेडला बारावी झाली, मेडिकलच्या परीक्षेत लुंबिनी थोडक्यात मागं पडली, आणि लातूरला एक वर्ष रिपीट करायचं ठरलं. तिच्यासोबत जायचं कोणी, असा प्रश्न निघाला तेव्हा कोपऱ्यातून व्यंकटराव म्हणाले होते, मी जातो. लोकांची लेकरं जन्मभर पोचती केली, ही तर माझी हाय.

नाटकात तिसरी घंटा झाली की पडदा वर जातो. लातुरात तसं नाही. इथं तिसरी घंटा झाली की लोक म्हणतात, अजून एक वाजवून बघा. लुंबिनीचा एक रिपीट झाला, दुसरा झाला. दर रविवारी टेस्ट, दर सोमवारी भिंतीवर नंबर, नंबर खाली गेला की बॅच खाली. केस गळून तिची वेणी उंदराच्या शेपटाएवढी झाली. ती जेवताना वाचायची, वाचताना डुलकी घ्यायची आणि डुलकीत दचकून उत्तरं सांगायची. व्यंकटराव समोर बसून तिच्या ताटातली भाकरी मोडून द्यायचे. दोघंही दमले होते, पण दोघांनीही ते एकमेकांना सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा जो बोलेल त्याच्यामुळं खेळ मोडला असं होईल, अशी दोघांना भीती.

दुसऱ्या रिपीटचा निकाल लागला तेव्हा ती बोलली. मार्क आधीपेक्षा बरे होते, पण सरकारी एमबीबीएसला परत थोडे कमी. क्लासवाल्या सरांनी पाठीवर हात ठेवून सांगितलं की अजून एक वर्ष दे, तू हमखास होणार. लुंबिनी खोलीवर आली, हातपाय धुतले आणि तव्याजवळ उभी राहून म्हणाली की तिला आता माणसांचं डॉक्टर व्हायचं नाही. या मार्कांवर जनावरांच्या डॉक्टरकीला नंबर लागतो. उदगीरला सरकारी कॉलेज आहे. तिकडं जायचंय.

व्यंकटरावांनी भाकरी उलटवली आणि नाही म्हणाले.

तिनं कारणं दिली. लहानपणी आईसोबत आरोग्य केंद्रात बसायची तेव्हा आत तपासायला आलेल्या माणसांपेक्षा बाहेर बांधलेल्या त्यांच्या शेळ्यांकडंच तिचं लक्ष असायचं. जीवशास्त्र तिला आवडतं, फक्त हे पळणं आवडत नाही. घरी फोन केला तेव्हा संघपाल आणि बुद्धप्रिया दोघांनी एकच सांगितलं, तिथं तुझ्यासोबत आबा राबलेत, आबा हो म्हणाले तर आमची ना नाही. अर्जात कॉलेज निवडायची मुदत संपायला थोडेच दिवस होते. आबा हो म्हणाले तर उदगीर, नाही म्हणाले तर हीच खोली, हाच तवा, हीच सोमवारची भिंत. सगळं एका म्हाताऱ्याच्या मानेवर येऊन थांबलं होतं, आणि ती मान हलत नव्हती.

व्यंकटरावांनी आयुष्यात फार जणांना नाही म्हटलं नव्हतं. माणसं दारात लोंबकळत नेली, पण जागा नाही म्हणून कुणाला फाट्यावर सोडलं नाही. म्हणून लुंबिनीला त्यांचं हे नाही जास्त लागलं. तिला वाटलं, आबांना लाज वाटते. जगदेवीलाही तसंच वाटलं. तिनं व्हरांड्यातून टोमणा मारला की एवढं शिकून ढोराच्या शेपटीमागं उभं राहायचं म्हटल्यावर कोणत्या आजोबाला गोड लागेल. आणि लगेच, बाई खरी मायाळू, म्हणून वाटीभर आमटी आणून ठेवली. व्यंकटरावांनी आमटी घेतली. खुलासा केला नाही.

कारण वेगळंच होतं, आणि ते सत्तर वर्षांमागं लोह्याजवळच्या एका वस्तीत पुरलेलं होतं.

तेव्हा ते आठ-नऊ वर्षांचे. वस्तीनं नुकतीच धम्माची दीक्षा घेतली होती. वस्तीत एक दोर होता. अंबाडीचा, मनगटाएवढा जाड, घामानं आणि चरबीनं काळा पडलेला. गावात कुणाचं जनावर मेलं की त्या दोरानं ते ओढून शिवेबाहेर न्यायचं, हे काम पिढ्यान् पिढ्या वस्तीच्या माथी. दोर कुणा एकाचा नव्हता. तो पाळीनं घरोघर फिरायचा. ज्याच्या आढ्याला दोर, त्याच्या दारात त्या महिन्यात गावचा निरोप. निरोप म्हणजे नुसती हाक. जेवत असलं तरी ताट सारून उठायचं.

एके दिवशी वस्तीनं ठरवलं, हे काम बंद. त्या महिन्यात दोर व्यंकटरावांच्याच घरी होता. बापानं तो काढून लिंबाखाली आणला. म्हाताऱ्यांनी, बायांनी, पोरांनी, सगळ्यांनी त्याच्यावर हात ठेवला. छोट्या व्यंकटनंही ठेवला. हाताला तो गार आणि चिकट लागला. वस्तीतला एक जाणता मोठ्यानं म्हणाला, इथून पुढं आपल्या रक्ताचं कुणी मेल्या ढोराला दोर लावणार न्हाई. मग दोर जाळला. सकाळी पेटवलेला दोर उन्हं कलेपर्यंत धुमसत होता. त्याचा वास लिंबाला कितीतरी दिवस येत होता.

गावानं मग वस्तीला गिरणी बंद केली, दुकान बंद केलं, वाटा बंद केल्या. अशात एका बड्या घरचा बैल गोठ्यात मेला. दोन दिवस तो तसाच पडून राहिला. निरोपावर निरोप आले, वस्तीतून कुणी उठलं नाही. तिसऱ्या दिवशी मालकानं स्वतःच्या पोरांना बोलावलं, नाकाला धोतराचा सोगा बांधला, आणि बाप-लेकांनी मिळून बैल ओढला. व्यंकटचा बाप लांबून बघत होता, दोन्ही हात पाठीमागं बांधून. पोराला तो एवढंच म्हणाला होता, "बघ. जमतं त्यांलाबी."

हे सगळं व्यंकटरावांनी संघपालला कधीतरी तुटक सांगितलं होतं. नातीला एक अक्षर नाही. त्या दोराचा वास निदान तिच्यापर्यंत तरी पोचू नये, एवढीच इच्छा. आणि आता तीच पोरगी उभी राहून म्हणत होती, मला गुरांकडं जायचंय. जिवंत जनावराला सुई टोचण्याबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. पण मेलेलं जनावरही डॉक्टरच फाडून बघतो, हे त्यांना ठाऊक होतं. मेलेल्याला कुणीतरी ओढावं लागतं, आणि ओढायचं म्हटलं की वर्गातले सगळे कुणाकडं बघतील, हेही त्यांना ठाऊक असल्यासारखं वाटत होतं. हात ठेवून घेतलेली शपथ. ती आपण मोडायची कशी, आणि नातीला मोडू द्यायची कशी.

चार दिवस खोलीत बोलणं तेवढ्यापुरतं झालं. पाणी आलं का, डबा झाकला का. पाचव्या दिवशी लुंबिनी म्हणाली, "आबा, एकदा चला उदगीरला. बघा, आणि मग न्हाई म्हणा. न बघता म्हणलेलं न्हाई मला नको."

हे त्यांना पटलं. गाडीत चढून बघितल्याशिवाय जागा नाही असं तेही कधी म्हणाले नव्हते.

उदगीरच्या गाडीत कंडक्टर पोरगेलासा होता. म्हाताऱ्यांना प्रवास फुकट, बायकांना अर्धं तिकीट. त्यानं व्यंकटरावांचं ओळखपत्र बघितलं, शून्याचं तिकीट हातात दिलं आणि पुढं सरकला. व्यंकटराव ते तिकीट बोटांत धरून बसले. जन्मभर दुसऱ्याच्या तळहातावर तिकीट ठेवलेलं, आता आपल्या तळहातावर शून्य. त्यांनी डोळे मिटले. लुंबिनीनंही मिटले. बाहेर सोयाबीनचं हिरवं रान पळत होतं आणि आत ती दोघं एकमेकांच्या खांद्यावर कलंडून झोपली होती.

कॉलेजच्या आवारात दवाखान्यासमोर माणसांपेक्षा जनावरांची रांग मोठी होती. म्हशी, शेळ्या, एक खोंड, शेतकऱ्याच्या मांडीवर निपचित पडलेलं कुत्रं. लुंबिनीचा चेहरा बघून व्यंकटरावांना आठवलं, ही पोरगी हसते तेव्हा तिच्या गालावर खळी पडते. दोन वर्षांत ती दिसली नव्हती. त्यांना बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं.

तेवढ्यात मागच्या पत्र्याच्या शेडकडं एक ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत मेलेला बैल. तांबडा, देखणा, पाय ताठ झालेले. विम्यासाठी की रोगासाठी कोण जाणे, मालकाला तपासणी करून हवी होती. व्यंकटराव थबकले. लुंबिनीनं हात धरून त्यांना दुसरीकडं वळवायचा प्रयत्न केला, पण ते तिथंच उभे राहिले, आणि मग त्यांचे हात आपोआप पाठीमागं गेले. अगदी बापाचे गेले होते तसे.

शेडमधून आठ-दहा विद्यार्थी आले. गुडघ्यापर्यंत गमबूट, हातात रबरी मोजे. एकानं दोर आणला. पांढरा, नायलॉनचा, नवाकोरा. पायांना फास टाकला, आणि सगळे दोराला लागले. पुढं एक ठेंगणी मुलगी होती, तिचा चष्मा घसरत होता आणि हात गुंतल्यामुळं ती तो खांद्यानंच वर ढकलत होती. ओढता ओढता एकजण पाय घसरून चिखलात बसला, बाकीचे हसले, तोही हसला. कमी पडतंय म्हटल्यावर त्यांच्या सरांनी घड्याळ काढून खिशात टाकलं आणि तेही दोराला लागले. बैल ओट्यावर गेला.

धापा टाकत मुलं बाहेर नळावर आली. व्यंकटराव पुढं झाले. मराठवाड्यात म्हातारा माणूस नाव विचारत नाही, गाव विचारतो आणि मग कुणाची ते विचारतो. त्यांनी चष्मेवाल्या मुलीला तेच विचारलं. ती अहमदपूरकडच्या एका गावची होती, पाटलाची. आजोबा गावचे पोलीस पाटील होते, तिनं मोजे काढता काढता सहज सांगितलं. व्यंकटरावांनी शेजारच्याला विचारलं. तो देशमुख. चिखलात बसलेला परळीचा, जोशी. एकाला विचारायच्या आधीच तो म्हणाला, "आबा, जयभीम. मी मुखेडचा." त्यानं ओळखलं होतं, म्हातारा काय शोधतोय ते. त्याच्या मोज्यांवरही इतरांइतकाच चिखल होता.

व्यंकटराव मागं सरून बाहेरच्या एका कट्ट्यावर बसले. लुंबिनी घाबरली, तिला वाटलं चक्कर आली. तिनं पाण्याची बाटली पुढं केली. पाणी पिऊन झाल्यावर पहिल्यांदा त्यांनी नातीला सगळं सांगितलं. दोर, लिंब, निरोप, बंद पडलेली गिरणी, पाठीमागं बांधलेले हात. दमलेल्या आवाजात, मधे मधे थांबून, जुना नट फार वर्षांनी एखादं भाषण आठवून म्हणतो तसं. त्याला कडकडाट नको असतो, फक्त शेवटपर्यंत विसरू नये एवढंच हवं असतं.

लुंबिनीनं ऐकून घेतलं. दोन वर्षं ती समजत होती की आबांना फक्त भाकरी, टेस्ट आणि बसचं वेळापत्रक माहीत आहे. तिचे डोळे भरले, पण ती रडकी नव्हती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आबा, तुमच्या खांद्याला जन्मभर कंडक्टरची बॅग होती. ती कशाची होती?"

चामड्याची. व्यंकटरावांचा हात रिकाम्या खांद्याकडं गेला. ही पोरगी टेस्टमधले अवघड प्रश्न सोडवायला शिकली होती, ते काही वाया गेलं नव्हतं.

आणि मग त्यांना ते आठवलं. कंधार आगारात नोकरी लागली, पहिल्यांदा बॅग घरी आली, तेव्हा बापानं ती मांडीवर घेतली होती. झाकण उघडून आत नाक घातलं होतं. आई म्हणाली, काय वास घेता. बाप म्हणाला होता, "कोण जाणे, ह्याच जनावराला आपण ओढलं असंल. पण तवा हाक मारून बोलावलं होतं. ह्याला पोरानं परीक्षा देऊन उचललंय." एवढं बोलून बापानं बॅगेचा पट्टा स्वतःच्या हातानं मुलाच्या खांद्यावर चढवला होता. हे व्यंकटराव इतकी वर्षं कसे काय विसरले होते, त्यांचं त्यांना कळेना. बहुतेक रोज खांद्यावर असलेली गोष्ट माणूस बघत नाही.

शेडमधून औषधाचा उग्र वास येत होता. व्यंकटरावांनी नाकाला टॉवेल लावला नाही.

"अर्ज भर," ते म्हणाले. "पयलं उदगीरच टाक. पण एक कबूल कर. दोर धरायची येळ आली की आधी बघायचं, बाकीचे धरून राहिले का. समदे धरत असले तर तूबी धर, जोर लावून धर. एकटीला धरायला लावलं तर खाली ठेवायचा आणि हात असे मागं बांधून उभं राहायचं. कुणाला घाबरायचं न्हाई."

लुंबिनी मान डोलावून म्हणाली, "हाव." अन् मग, खळी पाडून, "आणि मास्तर?"

"मास्तरनंबी धरायला पायजे."

परतीच्या गाडीतही दोघं झोपली. या झोपेत दचकणं नव्हतं.

पुढचं फारसं नाट्यमय नाही. यादी लागली, उदगीर मिळालं. खोली रिकामी करताना व्यंकटरावांनी शेगडी, परात आणि स्टूल जगदेवीला देऊन टाकलं. तिची मुलगी अजून एक वर्ष थांबणार होती. जगदेवीनं परात उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, आबा, आता माझ्या भाकरी तिकिटासारख्या येतील का बघते. मग पदरानं तोंड पुसायचं निमित्त करून आत गेली. गंजगोलाईच्या बाजारातून व्यंकटरावांनी लुंबिनीसाठी गमबूट घेतले. दुकानदार म्हणाला, पोरीच्या मापाचे मिळत नाहीत. व्यंकटराव म्हणाले, एक माप मोठे द्या, आत मोजे घालंल.

ते हदगावला परतले. पहाटे जाग यायची ती येतच राहिली. उठायचे, अंधारात चाचपडायचे, आणि मग लक्षात यायचं की डबा द्यायचा नाही. सुनेनं सांगितलं, पडून राहत जा, पण शरीराला ते कोण सांगणार. दिवसभर मात्र ते खुर्चीवर बसल्या बसल्या पेंगायचे. दोन वर्षांची झोप हप्त्याहप्त्यानं वसूल होत होती.

एका संध्याकाळी लुंबिनीचा फोन आला. आवाज दमलेला होता, पण ते दमणं वेगळं होतं. काम करून दमल्याचं. तिनं सांगितलं की आज त्यांच्या वर्गाला पहिल्यांदा शेडकडं नेलं. म्हैस होती. फार जड होती. जेवण गेलं नाही.

व्यंकटराव खुर्चीत सरळ झाले. "दोराला किती जण होता?"

"सगळे, आबा. अख्खा वर्ग."

"अन् मास्तर?"

"सर सगळ्यांत पुढं होते."

व्यंकटराव बरं म्हणाले. जेवून घे म्हणाले, थोडं दही-भात तरी खा. फोन सुनेकडं दिला, खुर्चीवरून उठले आणि आत जाऊन अंथरुणावर आडवे झाले. संघपाल जेवायला हाक मारायला गेला, तेव्हा ते गाढ झोपलेले होते, कुशीवर, दोन्ही हात उशाखाली.